चित्र विकावे, हक्क विकू नये

पालघर जिल्ह्यातील आदिवासींच्या इतिहासात कागदाने बहुधा दगाच दिला आहे. सावकाराची वही, जमिनीचे खरेदीखत, जंगलखात्याचा पंचनामा, ठेकेदाराचे मस्टर: प्रत्येक कागदावर अंगठा आदिवासीचा आणि मजकूर दुसऱ्याचा. लग्नासाठी उचललेल्या थोड्याशा रकमेपोटी नवरा-बायकोने आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबायचे, ही लग्नगड्याची पद्धत याच मुलखात नांदत होती. १९४५ साली वारल्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला. गवत कापणीचा दर कोणी ठरवायचा, या प्रश्नावरून तेव्हा संप झाले आणि तलवाड्याला गोळीबारात माणसे पडली. पुढे १९७० च्या भूमिमुक्ती सत्याग्रहातून पालघर तालुक्यात काळूराम धोदडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची भूमिसेना उभी राहिली. हे लढे वेगवेगळ्या झेंड्यांखाली झाले असले तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच होता. श्रम ज्या अटींवर घेतले जातात, त्या अटी ठरवताना श्रमणाऱ्याला तोंड उघडता येते की नाही?

आज या जिल्ह्यात एक नवा कागद फिरू लागला आहे. त्याला वर्क ऑर्डर म्हणतात. डहाणू, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांतील चित्रकाराच्या हातात तो पडतो. बोईसरला संगणकावर बसून औषधांच्या खोक्यांची, कापडाच्या छपाईची, कंपन्यांच्या दिनदर्शिकांची आरेखने करून देणाऱ्या तरुणाच्या हातातही तोच पडतो. तो पगारी नोकर नाही. काम मिळेल तसे घेतो, तेवढ्याचे पैसे मिळतात. शहरात याला फ्रीलान्स असे प्रतिष्ठित नाव आहे. आपल्या भाषेत ते अंगावर घेतलेले काम. कागदावर रक्कम असते, मुदत असते, आणि खाली बारीक अक्षरांत एक वाक्य असते. त्याचा मथितार्थ असा, की या चित्राचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमचे, रक्कम देणाऱ्याकडे गेले. वाक्य बहुधा इंग्रजीत असते. कामाची गरज असलेला माणूस रकमेचा आकडा पाहतो आणि सही करतो.

हा लेख त्या एका वाक्याविषयी आहे.

भिंतीवरून बाजारात

वारली चित्रकला मुळात विक्रीची वस्तू नव्हती. लग्नघरात शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, त्यात पालघट देवीची स्थापना व्हायची, धवलेरीने गाणी म्हणायची. हे काम सवाशिणींचे. वारल्यांच्या बोलीत चौक काढत नाहीत, चौक लिहितात. १९७० च्या दशकाच्या आरंभी विणकर सेवा केंद्रातील चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि भिंतीवरची ओळ कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या ओळीला चौकाबाहेरचे सारे जग खुले केले. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या पाठोपाठ शेकडो तरुण हाती ब्रश घेऊन उभे राहिले. ज्या स्त्रियांच्या हातची ही विद्या, त्यांतील फार थोड्या बाजारापर्यंत पोचल्या. या अन्यायाचा वेगळा विचार करावा लागेल.

कागदावर आलेली ओळ तिथे थांबली नाही. ती साड्यांवर, चादरींवर, पेल्यांवर, शुभेच्छापत्रांवर, उपाहारगृहांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर गेली. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाने आपल्या जाहिरात-मोहिमेसाठी हीच चित्रशैली निवडली. आपली कला किती मोठ्या बाजारात उतरली आहे, हे यातून आदिवासी तरुणांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी आदिवासी युवा सेवा संघाने नोंदणीची खटपट सुरू केली आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

मानांकन ही मोलाची कमाई आहे. पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. मानांकन नावाचे रक्षण करते. बाहेरच्या मालाला 'वारली चित्र' म्हणून विकण्यास ते अटकाव करू शकते. पण चित्रकार आणि गिऱ्हाईक यांच्यामधल्या सौद्यात ते बोलत नाही. तिथे कॉपीराइटचा कायदा लागतो, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांना जमिनीच्या कायद्याइतका पाठ नाही. तो पाठ करण्याची वेळ आली आहे.

कायदा काय म्हणतो

पहिली गोष्ट ही, की चित्र आणि चित्राचा हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एखाद्याने चित्रकाराचे तयार चित्र विकत घेतले तर कागद, रंग आणि चौकट त्याची झाली. ते दिवाणखान्यात लावावे, पुढे विकावे. पण त्यावरून दहा हजार चादरी छापण्याचा हक्क त्याला मिळालेला नाही. तो हक्क चित्रकाराचाच राहतो. त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे वारसांकडे. शेतकऱ्याने भात विकले म्हणजे शेत विकले असे होत नाही, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हक्क हस्तांतरित करायचे तर १९५७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे लेखी आणि सही केलेला कागद लागतो. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, किती मोबदल्यात, हे त्यात लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. घेतलेला हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे ठरले नसल्यास, तो हक्क परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट सांगितली, की कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज त्या माध्यमातील वापराचा हक्क जात नाही. केवळ वापराचा परवाना द्यायचा असला तरी तो लेखीच लागतो, आणि १९ व्या कलमातील हे नियम त्यालाही लागतात.

याचा अर्थ नीट पाहावा. करार जिथे गप्प आहे, तिथे कायदा बहुतेक ठिकाणी चित्रकाराच्या बाजूने बोलतो. 'कायमचे', 'संपूर्ण जगात', 'सर्व माध्यमांत' हे तीन शब्द वर्क ऑर्डरमध्ये काय म्हणून येतात, ते आता कळेल. कायद्याने दिलेली पाच वर्षांची आणि भारताची मर्यादा उडवून टाकण्यासाठीच ते घातलेले असतात. जे कायद्याने राखले, ते सहीने काढून घ्यायचे.

परंतु एका ठिकाणी मौन चित्रकाराच्या विरुद्ध जाते, आणि नेमके तिथेच आपली माणसे अडकतात. १७ व्या कलमाचे (ब) पोटकलम असे, की मोबदला देऊन कोणी चित्र सांगून काढून घेतले, तर उलट काही ठरलेले नसल्यास त्याचा पहिला मालक काढणारा नव्हे, काढवून घेणारा. कापडासारख्या मालाच्या नमुन्यांसाठी जो २००० सालचा डिझाइन कायदा आहे, तोही मोबदला देऊन करवून घेणाऱ्यालाच मालक समजतो. शिवाय, नोंदणी करता येण्याजोगा नमुना न नोंदवता यंत्रावर पन्नासहून अधिक वेळा छापला गेला, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. सरकारने आपल्या देखरेखीखाली करवून घेतलेल्या कामाचा पहिला मालकही, वेगळा करार नसेल तर, सरकारच.

म्हणजे ज्याने तयार चित्र विकले तो हक्कदार राहिला, आणि ज्याला आदराने घरी बोलावून चित्र काढायला सांगितले तो हक्काला मुकला. मूळ चित्र पुढे मोठ्या किमतीला विकले गेले तर त्यात चित्रकाराला हिस्सा देणारे ५३-अ हे कलम कायद्यात आहे. दहा हजारांवरील किमतीच्या पुनर्विक्रीत दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळू शकतो. पण तो केवळ पहिल्या मालकाला. १७ (ब) मध्ये अडकलेला चित्रकार तिथेही दाराबाहेर उभा.

एक हक्क मात्र सही करूनही जात नाही. ५७ व्या कलमाने आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार कलावंताला दिला आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली काढून गोदामात टाकले. ते कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. भिंत सरकारची होती, पैसे सरकारचे होते, तरी सरकारला तसे वागण्याचा अधिकार नव्हता. आपल्या भिंतीवरील चित्रांखाली चित्रकाराचे नाव का नसते, हा प्रश्न विचारायला या निकालाचा आधार पुरेसा आहे.

मालकाचे हक्क हवेत, कर्तव्ये नकोत

कोणी म्हणेल, चित्रकाराने राजीखुशीने सही केली, मग तक्रार कसली? व्यक्तीला करार करण्याचे स्वातंत्र्य आहे की नाही?

या युक्तिवादाशी आपली ओळख जुनी आहे. लग्नगडीही राजीखुशीनेच गडी होत असे. आदिवासींच्या जमिनी गेल्या त्याही खरेदीखतांवर स्वतःचे अंगठे उमटवूनच गेल्या. अखेर महाराष्ट्राच्या विधिमंडळाला मान्य करावे लागले, की भुकेलेल्याच्या संमतीला संमती म्हणता येत नाही. म्हणूनच आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७५ साली अमलात आला, आणि पुढच्या वर्षी वेठबिगारी रद्द करणारा केंद्राचा कायदा आला. असमानांमधला करार मोकळा नसतो, हे तत्त्व या देशाने जमिनीच्या आणि मजुरीच्या बाबतीत स्वीकारले आहे. चित्राच्या बाबतीत ते स्वीकारायला काय हरकत आहे?

या व्यवहारातील लबाडी आणखी एका बाजूने पाहता येते. कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळा करार नसल्यास, मालकाचे होते. त्यामागे निदान एक हिशेब आहे: मालक महिन्याचा पगार देतो, भविष्यनिर्वाह निधी भरतो, आजारपणाचा विमा देतो, ग्रॅच्युइटी देतो. अंगावर काम घेणाऱ्याला यातले काहीही मिळत नाही. काम नसेल त्या महिन्यात चूल त्याची त्याने पेटवायची. संगणक त्याचा, वीज त्याची, आजारपण त्याचे. असे असताना त्याच्या कामाचे सर्व हक्क मात्र तो नोकर असल्यासारखे घ्यायचे. मालकाचे हक्क हवेत, मालकाची कर्तव्ये नकोत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेका कामगारांचा प्रश्न ज्यांनी हाताळला आहे, त्यांना ही युक्ती ओळखू यायला वेळ लागू नये. तिथे वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर उभा असलेला माणूस कागदोपत्री ठेकेदाराचा असतो. इथे तो कागदोपत्री कोणाचाच नसतो.

आकड्यांत पाहू. समजा, एका नमुन्यासाठी चित्रकाराला तीन हजार रुपये मिळाले आणि व्यापाऱ्याने पहिल्या वर्षी त्यावरून पाच हजार चादरी छापल्या. एका चादरीमागे चित्रकाराच्या वाट्याला साठ पैसे आले. दुसऱ्या वर्षी आणखी पाच हजार छापल्या तर तीस पैसे. तोच नमुना पडद्यांवर, पिशव्यांवर गेला, परदेशी गेला, दुसऱ्या कंपनीला विकला गेला, की वाटा घटत घटत शून्याकडे जातो. कापडाचे, रंगाचे, विजेचे, वाहतुकीचे पैसे दर खेपेला द्यावेच लागतात. ज्या एका गोष्टीमुळे गिऱ्हाईक चादरीकडे वळले, तिचे पैसे तेवढे एकदाच. आता याच सौद्यात तीन हजार हे आगाऊ मानले आणि पहिल्या हजार चादरींनंतर प्रत्येक चादरीवर दोन रुपये ठरले असते, तर पहिल्याच वर्षी आणखी आठ हजार आले असते. व्यापारी त्यामुळे बुडत नाही. चित्रकाराच्या घरात मात्र पावसाळ्याचे धान्य येते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातल्याच काही जाणत्यांचा आहे. बौद्धिक संपदा ही भांडवलशाहीने काढलेली कुंपणे आहेत. औषधांच्या पेटंटविरुद्ध आपण लढलो, मग चित्राच्या मालकीचा कैवार का घ्यावा? भेद हा, की औषधाच्या पेटंटमध्ये दुसऱ्याच्या गरजेवर भांडवल हक्क सांगते. इथे श्रमणारा स्वतःच्या श्रमाच्या फळावर हक्क सांगतो आहे. वारली तरुणाला आपल्या चित्राने कोणाची अडवणूक करायची नाही. शाळेतल्या पोरांनी ते गिरवावे, अभ्यासकांनी छापावे. पण त्यावर ज्याचा धंदा उभा राहतो, त्याने वाटा द्यावा. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ज्यांना मान्य आहे, त्यांना 'काढील त्याचे चित्र' हे अवघड वाटू नये.

दुसरा आक्षेप असा, की त्रिकोणांची माणसे आणि तारप्याचा फेर ही साऱ्या जमातीची ठेव आहे. एकट्याने तिचा परवाना कसा द्यायचा? या प्रश्नाचे उत्तर वनहक्क कायद्याखाली दावे दाखल करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. वैयक्तिक दावा आणि सामूहिक दावा शेजारी शेजारी नांदू शकतात. एखाद्याने काढलेले विशिष्ट चित्र, त्यातील मांडणी, त्यातील कथन त्याचे. शैली आणि तिचे नाव सर्वांचे. मानांकनाच्या कायद्यातील २४ वे कलम सांगते, की मानांकनाचा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. आदिवासीच्या जमिनीला जे संरक्षण मिळवायला पिढ्या गेल्या, ते सामूहिक नावाला आधीच मिळाले आहे. उणीव आहे ती वैयक्तिक हक्काच्या बाजूला.

दूरदेशीचा एक दाखला इथे उपयोगी पडेल. ऑस्ट्रेलियाने १९६६ साली एक डॉलरची नवी नोट काढली आणि तिच्यावर डेव्हिड मलांगी या आदिवासी चित्रकाराने झाडाच्या सालीवर काढलेल्या चित्राचा नमुना छापला. त्याला कोणी विचारलेही नव्हते. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेने त्याला हजार डॉलर, मासेमारीच्या सामानाची पेटी आणि एक पदक दिले. पण १९९४ साली, व्हिएतनाममध्ये विणलेल्या आणि आदिवासी चित्रे उचललेल्या गालिच्यांच्या खटल्यात तिथल्याच न्यायालयाने चित्रकारांच्या आणि दिवंगत चित्रकारांच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. सुमारे एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार डॉलरची भरपाई ठरली, आणि ती एकेकट्याच्या नावे न तोडता त्यांच्या रीतीप्रमाणे वाटून घेता यावी म्हणून एकत्र दिली गेली. हक्क एकेकाचा आणि वाटप समूहाचे, ही सांगड कायद्याच्या चौकटीत बसते, याचा हा पुरावा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. अटी घालायला गेलो तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. आता तर यंत्राला चार शब्द सांगितले की ते वारली माणसे काढून देते. ही भीती खोटी नाही, आणि एकट्या चित्रकाराला तिच्यापुढे मान तुकवावीच लागेल. १९४५ साली एकट्या वारल्याने गवताचा दर वाढवून मागितला असता तर जमीनदाराने दुसऱ्याला बोलावले असते. दर वाढला तो सर्वांनी विळे खाली ठेवले तेव्हा. यंत्राच्या धास्तीचे उत्तरही त्याच वाटेने शोधावे लागेल: आमच्या चित्रांवर यंत्राला शिकवता येणार नाही, ही अट प्रत्येक करारात आली पाहिजे, आणि ती सर्वांच्या करारात आली तरच तिला वजन आहे.

काय मागावे, कसे मागावे

सौद्याला बसताना विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. चित्र कशावर वापरणार? किती प्रती काढणार? किती वर्षे? कुठल्या प्रदेशात? हा वापर तुम्हा एकट्यालाच हवा की मी इतरांनाही देऊ शकतो? एकट्यालाच हवा असेल तर दर वेगळा. चित्रात बदल कोण करणार, आणि मला दाखवून की न दाखवता? माझे नाव कुठे छापणार? तुम्ही हे पुढे दुसऱ्याला देणार का? ठरलेल्याहून अधिक छापले तर किती देणार, आणि छपाईचा हिशेब मला कधी दाखवणार? काम मध्येच रद्द झाले तर झालेल्या श्रमाचे काय? आणि सर्वांत आधी, एक ओळ लिहून घ्यायची: 'या कामाचा कॉपीराइट आणि नमुन्याची मालकी चित्रकाराकडे राहील, गिऱ्हाइकाला खाली लिहिलेल्या वापरापुरता परवाना दिला आहे.' ही एक ओळ १७ (ब) चा फास सोडवते, कारण ते कलम स्वतःच 'उलट काही ठरले नसेल तर' असे म्हणते. काम सुरू करण्यापूर्वी ती लिहिली गेली पाहिजे. नंतर लिहिणे म्हणजे गेलेला हक्क परत मागणे.

थोडक्यात, वापर खंडाने द्यावा, हक्क विकू नये. पिढ्यानपिढ्या कूळ म्हणून राबलेल्या माणसाला इथे मालक म्हणून बोलण्याची संधी आहे. ती त्याने तीन हजार रुपयांत घालवू नये.

यात पक्षाचे काम कोणते? पहिले, मराठीत एक पानाचा नमुना करार तयार करणे आणि तो प्रत्येक पाड्यावर, बोईसर-पालघरच्या प्रत्येक आरेखन करणाऱ्या दुकानात पोचवणे. जे वकील मित्र वनहक्कांच्या दाव्यांसाठी वेळ देतात, त्यांना दोन दिवसांचे हे काम जड नाही. दुसरे, चित्रकारांची, आणि त्यात स्त्रियांची, सहकारी संस्था उभी करणे. तिने दरांचे पत्रक ठरवावे, गिऱ्हाइकाशी तिने बोलावे, हिशेब तिने तपासावा. गीतकार-संगीतकारांच्या संस्था रॉयल्टी वसूल करतात त्या कायद्याच्या ३३ व्या कलमाखाली. पुढे तो मार्गही मोकळा आहे. तिसरे, सुरुवात सरकारपासून करणे. जिल्हा परिषद, नगरपरिषदा, रेल्वे, आदिवासी विकास विभाग हे भिंती रंगवून घेतात, पुस्तिका छापतात. त्यांच्या प्रत्येक कामात चित्रकाराचे नाव, वापराची मर्यादा आणि पुनर्वापराचा मोबदला या अटी असल्याच पाहिजेत, असा ठराव आपल्या सभासदांनी मांडावा. सरकार ज्या अटी पाळत नाही त्या व्यापाऱ्याने पाळाव्यात, असे कोणत्या तोंडाने सांगणार?

चौथे काम दीर्घ पल्ल्याचे आहे: १७ (ब) या पोटकलमाची दुरुस्ती. हे अशक्य नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी पैसे घेऊन रचलेल्या संगीताचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, निर्माता ठरवला. गीतकार आणि संगीतकार पस्तीस वर्षे झगडले. २०१२ साली संसदेने कायदा बदलला, आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा सही करूनही निर्मात्याला देऊन टाकता येणार नाही, असे ठरवले. असमानांमधल्या कराराचे तत्त्व इथे कलेच्या क्षेत्रात आले. पण ते आले ते ज्यांचा आवाज संसदेत पोचत होता त्यांच्यासाठी. चादरीचा नमुना काढणारा आणि भिंत रंगवणारा त्या दुरुस्तीच्या बाहेर राहिला.

जमीन, पाणी, वाढवणचे बंदर असे प्रश्न पेटलेले असताना चित्रांच्या कराराकडे लक्ष द्यायला सवड कुठे आहे, असे काही मित्र विचारतील. जमिनीचा लढा सोडून हे करा, असे कोणीच म्हणत नाही. परंतु ज्या तरुणाच्या बापाची जमीन गेली, त्याच्याकडे आज त्याचा हात आणि त्या हातातली ओळ एवढीच मत्ता आहे. बापाच्या जमिनीचे कागद आपण उशिरा वाचले. मुलाच्या चित्राचे कागद वेळेवर वाचणे आपल्या हातात आहे.

ज्यांच्या बोलीत चित्र लिहितात, त्यांचे करार आजवर दुसऱ्यांनी लिहिले. यापुढे तेही त्यांनीच लिहावेत, आणि लेखणी त्यांच्या हाती पोचेपर्यंत कार्यकर्त्यांनी त्यांच्या शेजारी बसावे.